गुडघ्याएवढी गादी

आमच्या दुकानात खुर्ची नव्हती. परतूरच्या बाजारपेठेतलं जुनं कापडाचं दुकान. आत शिरलं की या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पांढरी गादी आणि तिच्या अलीकडे चपला काढण्यापुरती फरशी. गिऱ्हाईकानं चपला काढायच्या, गादीवर ऐसपैस मांडी घालायची, पाणी प्यायचं, आणि मग आम्ही कापड उलगडायचं. उभ्या गिऱ्हाईकाला माल दाखवायचा नाही, हा नेम शेटजींच्या आजोबांनी घालून दिलेला. ते राजस्थानातून इकडे आले तेव्हा सोबत आणखी काय आणलं ते मला माहीत नाही, पण हा नेम नक्की आणला असावा. मालक आणि गिऱ्हाईक एका उंचीवर बसले पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. शेटजी मला ते असं समजावत: "गिऱ्हाईक खुर्चीवर बसलं तर मी मान वर करून भाव सांगू का? आणि मी खुर्चीवर अन् गिऱ्हाईक खाली, तर मंग मी दुकानदार कसला? तलाठी झालो."

मी मूळचा इथला नाही. माझं घर कोकणात, खाडीकाठी. तिथून परतूर इतकं लांब आहे की आई अजूनही फोनवर ओरडून बोलते. नववीला दुसऱ्यांदा बसायची वेळ आली तेव्हा मी शाळेतून उठलो, तो थेट इथे येऊन टेकलो. भावोजी रेल्वेत होते, त्यांची इकडे बदली झालेली, बहिणीनं बोलावून घेतलं. पुढे त्यांची बदली नांदेडच्या पलीकडे झाली. बहीण गेली, मी राहिलो. म्हणजे शेटजींनी ठेवून घेतलं म्हणून राहिलो. दुकानामागची खोली त्यांनी दिली, कापड फाडताना हात कसा सरळ ठेवायचा ते त्यांनी शिकवलं, हसनाबादकडची मुलगी बघून माझं लग्न त्यांनी लावलं, आणि त्या लग्नात मुलाकडचे वडीलधारे म्हणून फेटा बांधून तेच उभे राहिले. ही सगळी यादी मी त्यांना इतक्या वेळा ऐकवतो की ते वैतागतात. "अरे कोकणी, एखादा दिवस तरी उपकार न काढता जाऊ दे की. रोज काय आरती?"

उपकार काढून झाले की उरलेला वेळ मी काळजी करतो. त्यासाठी मला कारण लागत नाही. शेटजींनी दोनऐवजी एकच चहा सांगितला की मला वाटतं, संपलं. धुळीमुळे त्यांनी शटर अर्धं ओढलं की मी मनातल्या मनात खोलीतलं सामान बांधायला घेतो. एकदा एक बँकेचा माणूस दुकानात आला. कष्टकऱ्यांसाठी पेन्शनची योजना आहे म्हणाला. आत्ता थोडंथोडं भरायचं आणि साठीनंतर महिन्याला मिळायचं. मी त्याला गादीवर बसवलं, पाणी दिलं, चहा दिला, शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यानं वय विचारलं. मी सांगितलं. त्यानं चहा अर्धाच ठेवला. नाव चाळिशीच्या आत घालायचं होतं.

तो गेल्यावर शेटजी म्हणाले, "चेहरा काय पाडतोस? माझी पेन्शन हे दुकान, आणि तुझी पेन्शन मी. बस."

ते सहज बोलून गेले. मी मात्र त्या दिवसापासून त्यांच्या तब्येतीवर नजर ठेवून आहे. त्यांना खोकला आला की माझ्या पेन्शनला खोकला येतो. थंडी पडायच्या आधीच मी त्यांच्या गळ्यात मफलर घालतो, गुळाच्या भेलीकडे त्यांचा हात गेला की साखरेची आठवण करून देतो. शेटाणीबाई म्हणतात, इतकी काळजी तर त्यांच्या सुनेनं पण केली न्हाई. मी नुसतं हसतो. सुनेचं काय, तिला कंपनीचा पीएफ आहे.

तर मागच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला शेटजींच्या मुलाचा फोन आला. मुलगा पुण्याला कंपनीत. शेटजींना ऐकू कमी येतं, त्यामुळे फोन नेहमी स्पीकरवर. मी तेव्हा शिडीवर चढून वरच्या फळीवरचे टॉवेल लावत होतो.

"बाबूजी, सरळ सांगतो. दिवाळीपर्यंत बघू. न्हाई जमलं तर जागा भाड्यानं देऊन टाकू. मोबाईलच्या शोरूमवाले विचारून राह्यले."

"आणि मी काय करू?"

"तुम्ही अन् मम्मी इकडं या."

"तिकडं येऊन काय करू?"

"आराम करा."

"आराम इथं बी करूनच राह्यलो. गिऱ्हाईक कुठंय?"

"तेच तर म्हणतोय मी! तरुण पोरं सगळी गाव सोडून गेली. जी हायेत ती फोनवर मागवतात. गावात उरले म्हातारे. म्हातारे काय कापड घेतात, बाबूजी?"

 शेटजींनी माझ्याकडे वर बघितलं आणि मी टॉवेलांत तोंड घातलं. थोड्या वेळानं चहा सांगायला बाहेर पडलो तर समोरचा पानटपरीवाला चुना मळत म्हणाला, "काय कोकणी, दिवाळीनंतर गावाकडं का?"

"कोण म्हणालं?"

"तुमचा फोनच म्हनला. आख्ख्या रोडनं ऐकलं."

त्या दिवशी मी ठरवलं की दुकान वाचवायचं. नववीही न जमलेल्या माणसानं हे ठरवणं म्हणजे काय ते पुढे कळेलच.

मुलाचं म्हणणं मला सोळा आणे पटलं होतं. दुकान म्हातारं झालं, म्हणून त्याला तरुण करायचं. सुरुवात मी केसांपासून केली; स्वतःच्या. बायकोनं ते काळं डोकं उजेडात धरून बघितलं आणि म्हणाली, "दुकान म्हातारं झालं तर केस तुम्ही कशाला रंगवून राह्यले?" मग जालन्याहून एक पुतळा आणला, कपडे घालून दारात उभा करतात तसला. बिनडोक्याचा होता, तो स्वस्त पडला. त्याला जीन आणि अंगाला चिकटणारा टीशर्ट घातला. सकाळी बाजाराला आलेले एक आजोबा त्याच्यापुढे बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, गिऱ्हाईक. ते म्हणाले, "ह्याचं मुंडकं कुठंय?" दुसऱ्यानं विचारलं, "ह्याला पगार किती देता?" शेटजींनी गादीवरूनच त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "कोकणी, ह्याला बी बसव की. आपल्याकडं कुणी उभं राहत न्हाई." मी म्हटलं, याचे गुडघे वाकत नाहीत. ते "हं" म्हणाले आणि आपला गुडघा चोळत बसले. त्या वेळी त्यांच्या हाताकडे बघण्याइतकं डोकं मला असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण डोक्याच्या बाबतीत मी आणि तो पुतळा सारखेच.

एक गोष्ट मला दिसत होती, फक्त कळत नव्हती. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्या रस्त्यावर अजूनही गर्दी होते. पूर्वी ती कापसाच्या पैशाची असायची, हंगामात यायची आणि हंगामाबरोबर जायची. आता ती पेन्शनीची असते. निवृत्त मास्तर, एसटीतून उतरलेले ड्रायव्हर, रेल्वेतल्या माणसांच्या विधवा, निराधारचे पैसे आलेत का ते बघायला खेड्यांतून आलेल्या बाया. छातीशी प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पासबुक. बँकेतून बाहेर पडले की औषधाच्या दुकानात, तिथून किराण्याच्या, मग नातवाला बिस्किटाचा पुडा. त्यांचे पैसे फार नसतात, पण येतात. पीक येईल न येईल, पोराचं पुण्यातलं काम टिकेल न टिकेल, म्हातारीच्या खात्यात मात्र महिन्याला काहीतरी पडतंच. आख्ख्या घराचा गॅस त्यावर चालतो. चष्मेवाल्यानं त्या जोरावर दुकान वाढवलं. चहावाला त्या आठवड्यात जेवायला घरी जात नाही.

आणि हीच माणसं आमच्या दुकानासमोर थांबत. दारात टांगलेल्या इरकल लुगड्याचा काठ दोन बोटांत धरून बघत. आत डोकावत. मग मी उठून, म्हणजे बसल्याजागी अर्धवट उठून, मोठ्यानं म्हणायचो, "या, या! आत या! बसा!" आणि ती लगबगीनं पुढे निघून जात.

मला वाटायचं, माझा आग्रह कमी पडतोय. म्हणून मी तो वाढवला. पायरीवर जाऊन हात जोडून बोलावू लागलो. एका मास्तरांची तर पिशवीच धरली. "गुरुजी, असं उभ्यानं जायचं नाही, मांडी घालून पाच मिनिटं बसा." त्यांनी पिशवी सोडवून घेतली आणि पुढच्या महिन्यापासून पलीकडच्या फुटपाथनं जाऊ लागले. मग मला सुचलं की गादी जुनी झाली, कडक झाली, म्हणून कोणी बसत नाही. कापसाला इथे तोटा नाही. मी पिंजाऱ्याला बोलावून गादीत आणखी कापूस भरून घेतला, आणि मापाच्या बाहेर भरून घेतला. गादी अशी मऊ झाली की माणूस बसला की कमरेपर्यंत आत जायचा. शेटजी पहिल्यांदा बसले आणि म्हणाले, "अरे, ही गादी हाय का विहीर?" मी ते कौतुक समजलो.

इथे मला माझ्या गुडघ्यांबद्दल सांगितलं पाहिजे. ते दोन-तीन वर्षांपासून बोलत होते. गादीवरून उठायला लागलं की उजवा गुडघा कट्ट करायचा आणि डावा नाही म्हणायचा. पण गादीवरच्या माणसाला गादीवरून उठता येत नाही हे मालकाला कळलं तर तो त्याला ठेवील कशाला? म्हणून मी युक्त्या काढल्या होत्या. टाचणी पडल्यासारखं करायचं, ती शोधत चार पायांवर कपाटापर्यंत जायचं, आणि कपाटाला धरून उभं राहायचं. दिवसातून इतक्या टाचण्या पाडणारा सेल्समन आख्ख्या मराठवाड्यात नसेल. शेटजी कधी म्हणाले नाहीत की तुला टाचणी सापडते का कधी. त्यांचीही एक सवय होती. ते घरी निघताना मला म्हणत, "जरा हात दे रे, घामेजलाय का बघतो, ताप असल तुला." मी भक्तिभावानं हात द्यायचो, ते तो घट्ट धरून उठायचे आणि म्हणायचे, "न्हाई, ताप न्हाई." मला भरून यायचं. मालक रोज आपला ताप बघतो!

दिवाळीच्या आधीच्या महिन्यात, पेन्शनीच्या आठवड्यात, आष्टीची मावशी आली. हिचा नवरा रेल्वेत गँगमन होता. तो गेल्यावर तिला पेन्शन लागली. माझे भावोजीही रेल्वेतले, त्यामुळे ती मला माहेरचं कुणी असल्यासारखी वागवते, म्हणजे घालूनपाडून बोलते. मागच्या महिन्यात बँकेच्या दारात मी तिला आजी म्हटलं तर म्हणाली, "तुझ्याच वयाची आसन मी, बाबा. फक्त मी डोकं रंगवत न्हाई." ती पूर्वी दर सणाला यायची. वर्षभरात दुकानात फिरकली नव्हती.

ती पायरीशीच उभी राहिली. "नातीचं लगीन ठरलंय. आहेराची लुगडी पायजेत, पातळं पायजेत, जावयाला कापड पायजे. हितूनच दाखव."

मला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. एवढी खरेदी त्या सबंध पावसाळ्यात झाली नव्हती. "इथून कसं मावशी? वर या. बसा."

"हितनंच दिसतंय मला."

"असं कसं? आमच्या दुकानची रीत आहे."

"रीत घाल चुलीत. उभ्यानं दाखव."

"मावशी, माझी शपथ आहे."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की तसं फक्त माझ्या गणिताच्या मास्तरांनी बघितलं होतं. मग चपला काढल्या, भिंतीला धरलं, आणि हळूहळू खाली गेली. नव्या कापसानं तिला जवळजवळ गिळलं. मी पाणी दिलं. शेटजी पलीकडून सरकत आले. मग जो माल निघाला! इरकली निघाल्या, पातळं निघाली, धोतरजोडी निघाली. मावशी एकेक काठ बोटांत चोळायची आणि "ह्यो विटंल" म्हणून फेकायची, शेटजी "विटला तर मला विटवा" म्हणायचे. कितीतरी दिवसांनी शेटजींचा आवाज चढला होता. पोरं काय देतात का, असं त्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पोरं? पोरंच मला इचारतेत. त्यायचं पिकलं तर पिकलं, माझं दर म्हैन्याला पिकतंय. लगीन माझ्याच्यानं होऊन राह्यलंय."

ढीग बांधून झाला. मावशी म्हणाली, "आता उठीव मला."

मला वाटलं गंमत करते. तिनं हात पुढे केला. मी तो धरला, जोर लावला, आणि उजवा गुडघा असा काही अडकला की मी तिच्याशेजारी धपकन बसलो. म्हटलं, टाचणी पडली. मावशी म्हणाली, "टाचणी मरू दे, मला उठीव." मी पुन्हा प्रयत्न केला. नाही. मी शेटजींकडे बघितलं. ते मोठ्या रुबाबात पुढे झाले, एक गुडघा टेकला, दुसरा उचलला, आणि तसेच राहिले. ना वर, ना खाली. मग हळूच कलंडून आमच्या रांगेत आले. आम्ही तिघं लुगड्यांच्या ढिगात पाय पसरून बसलो होतो आणि दारात तो बिनडोक्याचा पुतळा तेवढा ताठ उभा होता.

"शेटजी," मी म्हटलं, "माझा ताप बघता का?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुला टाचणी सापडली का?"

तेवढ्यात फोन वाजला. मुलाचा व्हिडिओ कॉल. शेटजींनी घेतला. त्याला पडद्यावर बाप दिसला, मी दिसलो, मावशी दिसली आणि मागे कापडाचा डोंगर दिसला. "बाबूजी, आज गर्दी हाय वाटतं?"

शेटजी गंभीरपणे म्हणाले, "हां. गिऱ्हाईक उठायलाच तयार न्हाई."

मावशी जी हसायला लागली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हे सगळं अर्थात रस्त्यानं ऐकलं. पानटपरीवाला आला, त्यानं एकेकाला काखेत धरून वर ओढलं. शेटजींच्या पांढऱ्या सदऱ्यावर काताची पाच बोटं उमटली. कपाटाला धरून उभी राहिल्यावर मावशी म्हणाली, "आता आईक. आमच्या गावातल्या सगळ्या बाया हितूनच लुगडी न्यायच्या. आता त्या म्हन्तेत, त्या दुकानात जाऊ नका, तिथं बसायला लावतेत. लुगडं घ्यायला पैसे हायेत, बाबा. उठवायला मानूस कुठून आनावं? पोरं तर पुन्याला. आन् तू हायेस की बोंबलून राह्यलास, बसा, बसा, बसा!"

 सबंध पावसाळाभर मी हात जोडून, शपथा घालून, कापूस भरून गिऱ्हाईक पळवत होतो. मोबाईलच्या शोरूमवाल्यांनी मला पगार द्यायला हवा होता.

मावशी गेल्यावर मी शेटजींना म्हटलं, चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणू. त्यांनी हात वर केला. "खुर्ची न्हाई. आजोबांनी..."  त्यांनी गल्ला आवरला आणि जाताना पहिल्यांदाच खरं म्हणाले: "हात दे रे. उठायचंय." मी हात दिला. दोघांचे गुडघे एकदमच वाजले. घरी येऊन मी रात्रीचं जेवण सोडलं. मालकाला माझे गुडघे कळले होते. बायको म्हणाली, "त्यायचे तुम्हाला कळले न्हाईत का मंग? फिट्टंफाट झाली. जेवा."

दोन दिवस शेटजी मीटरपट्टी आपल्या गुडघ्याला लावून बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला मागच्या गल्लीत पाठवलं. तिथे एक बालवाडी होती, इंग्रजी, भिंतीवर फुलपाखरं काढलेली. त्या जूनमध्ये ती उघडलीच नाही. लहान मुलंच पुरेशी राहिली नव्हती. आईबाप जिथे, तिथे मुलं. बालवाडीच्या बाई बाकं विकत होत्या. शेटजी म्हणाले, "त्या बाकाजवळ उभा राह्य आन् बघ, तुझ्या गुडघ्याला लागतं का."

बरोबर लागत होतं. तिथल्या पोरांचं लिहायचं बाक ते आमचं बसायचं. प्रत्येकावर एक पिवळं बदक.

भिंतीपासून भिंतीपर्यंत ती बाकं लावली, वर फळ्या टाकल्या, फळ्यांवर गादी. त्याआधी पिंजाऱ्याला बोलावून मापाबाहेरचा कापूस काढवला. त्यानं काही विचारू नये म्हणून मी तेवढा वेळ टाचण्या शोधल्या. शेटजी सगळ्यांत आधी बसले. मांडी घातली नाही, पाय खाली सोडले, मग उठून बघितलं, मग परत बसले, परत उठले. एखादं पोर पलंगावर खेळतं तसं. मी भीतभीत विचारलं, "आजोबांचा नेम?"

"आजोबांनी उंची सारखी पायजे म्हटलं होतं," ते म्हणाले. "किती, ते म्हटलं नव्हतं."

मीही बसलो. माझी उंची बेताची, त्यामुळे पाय फरशीला पुरेनात, अधांतरी लोंबकळले. खाली हात घातला तर बदक लागलं. ज्या बाकावरून नववीत पळालो त्याच्यावर या वयात परत येऊन बसलो, तेही बालवाडीत.

मावशीनं बातमी नेली. दिवाळीच्या आठवड्यात आष्टीकडच्या बायांची जीपच आली. रांगेनं बसल्या, पाय हलवत, आणि आधी सगळ्यांनी उठून बघितलं, उठता येतं का. मग पुन्हा बसल्या. पलीकडच्या फुटपाथनं जाणारे मास्तर रस्ता ओलांडून आले. पिशवी मात्र त्यांनी दुसऱ्या हातात धरली होती.

शेटजींचा मुलगा सुट्टीला आला तेव्हा मी दोन दिवस त्याच्या तोंडाकडे बघत होतो. तो दिवसभर गादीच्या कोपऱ्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला. म्हातारे येत होते, आपल्यासाठी, लेकीसाठी, नातवासाठी कापड फाडून घेत होते. तो बघत होता. मी त्याला चहा दिला तो थंड झाला, दुसरा आणला, तोही थंड झाला. संध्याकाळी त्यानं लॅपटॉप मिटला, उठताना कमरेवर हात ठेवला आणि "आई गं" म्हणाला. चाळिशीचा माणूस! शेटजींनी माझ्याकडे बघितलं, मी बदकाकडे.

"बाबूजी," तो म्हणाला, "ते शोरूमवाल्याला मी न्हाई म्हणून सांगतो."

"किती दिवसांसाठी?"

"तुम्ही बसता तोवर बसा."

शेटजी खूश झाले. मला मात्र शब्द नीट ऐकू आले होते. ते बसतील तोवर. म्हणजे सगळं परत त्यांच्या तब्येतीवर आलं. मी जाऊन मफलर आणला. ते म्हणाले, "अरे, गरम होऊन राह्यलंय!" मी म्हटलं, तुमचे उपकार आहेत, घाला. त्यांनी घातला.

पुढच्या पेन्शनीच्या आठवड्यात पायरीशी एक अनोळखी म्हातारी थबकली. काठीवर रेललेली, लुगड्याचा काठ दोन बोटांत धरून आत बघत. "या, बसा" माझ्या अगदी ओठांवर आलं. मी ते गिळलं आणि खाली मान घालून मीटरपट्टी पुसू लागलो. पट्टी दोनदा पुसून झाली. मग चपला निघाल्या, काठी भिंतीला टेकली, गादी जरा दबली.

"पानी तरी इचारशील का न्हाई?" ती म्हणाली. "कसलं दुकान म्हनावं हे?"